जुने मोटारहोम जहाजाने जर्मनीला नेऊन तिथे नोंदवायचे आहे : मदत हवी आहे

नमस्कार. 1979 सालचे एक मोटारहोम मी काही वर्षे खपून पूर्ववत केले असून, आता ते समुद्रमार्गे जर्मनीला नेऊन तिथेच कायमचे नोंदवायचे आहे.

पहिली अडचण उंचीची आहे. छतावरील झरोक्यासह गाडी 2.75 मीटर भरते आणि हाय-क्यूब (नेहमीपेक्षा उंच) कंटेनरचे दारसुद्धा साधारण 2.58 मीटरच उंच असते. त्यामुळे गाडी चालवत जहाजात चढवण्याचा रो-रो मार्ग किंवा फ्लॅट रॅक (छत आणि बाजूच्या भिंती नसलेला उघडा कंटेनर), एवढेच पर्याय उरतात. रो-रोमध्ये किल्ली दुसऱ्याच्या हाती सोपवावी लागते, आणि आतले लाकडी फर्निचर मी स्वतः पॉलिश केलेले असल्याने (हा हळवेपणा समजून घ्यावा) मन धजावत नाही. आतील भाग सुरक्षित ठेवण्यासाठी कोणी काय केले होते? गॅसची टाकी रिकामी केल्याचा दाखला कोणाकडून घ्यावा?

नोंदणीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. किमान 30 वर्षे जुन्या आणि बव्हंशी मूळ स्वरूपात जतन केलेल्या गाडीला तिथे ‘एच’ क्रमांकपट्टी (ऐतिहासिक गाड्यांसाठीची खास नंबर प्लेट) मिळू शकते. मात्र माझ्या गाडीचे इंजिन त्याच कंपनीचे, पण नंतरच्या काळातले आहे. शिवाय गंजलेला पत्रा बदलताना चासी क्रमांकाची पट्टी काढून पुन्हा बसवावी लागली. त्याची छायाचित्रे आणि पावत्या मी जपून ठेवल्या आहेत. अशी गाडी तपासणीत मान्य झाल्याचा अनुभव कोणाला आहे का, आणि कागदपत्रांचे जर्मन भाषांतर गाडी निघण्यापूर्वीच करून घ्यावे का?