मदत हवी आहे: ट्रोम्सो ते लाँगियरब्येन, विमानाला नक्की किती वेळ लागतो?

नमस्कार मंडळी,

मार्चच्या मध्यात बाबांना घेऊन नॉर्वेला जाते आहे. बाबांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. २००८ साली नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र सुरू झाल्याचं वाचलं, तेव्हापासून ती बेटं त्यांच्या मनात घर करून आहेत. ट्रोम्सोपर्यंतचं ठरलंय, पुढे स्वालबार्डवरच्या लाँगियरब्येन गावाला न्यायची फार इच्छा आहे.

अडचण अशी, की मोबाइलवरच्या नकाशात हे अंतर काश्मीर ते कन्याकुमारीएवढं दिसतं आणि एका साइटवर मात्र साडेनऊशे किमीच्या आसपास दाखवतात. खरं काय धरायचं? बाबांना इन्सुलिन चालू आहे, जेवणाच्या वेळा चुकवून चालत नाही. गुडघ्यांमुळे फार वेळ एका जागी बसवतही नाही. घड्याळ बदलावं लागतं का, तेही सांगा.

प्रतिसाद १

ताई, साइट बरोबर आहे. हिशेब बाबाच करून दाखवतील: ट्रोम्सो साधारण ६९.७ अंश उत्तरेला, लाँगियरब्येन ७८.२ अंशांवर. मधले साडेआठ अंश, दर अंशाला १११ किमी, म्हणजे ९५० च्या आसपास. रेखांशांत फरक आहे, पण इतक्या वर रेखावृत्तं एकमेकांच्या एवढी जवळ येतात की त्याने फारसं बिघडत नाही.

नकाशातलं तुमचं निरीक्षणही खरंच आहे. मर्केटर पद्धतीच्या नकाशात ध्रुवाकडचा भाग ताणला जातो. त्यामुळे हे साडेनऊशे किमी कागदावर भारताच्या दक्षिणोत्तर लांबीएवढे, म्हणजे तीन हजारांच्या वर भासतात. प्रत्यक्षात मुंबई–दिल्लीपेक्षा कमीच.

जेट विमान तासाला ८०० किमीच्या आसपास जातं, त्यात चढण-उतरण धरून वेळापत्रकात साधारण एक तास चाळीस मिनिटं असतात. घड्याळ तेच राहतं, दोन्हीकडे नॉर्वेचीच वेळ. विमान जवळजवळ सरळ उत्तरेला जातं. निम्म्या वाटेवर बेअर आयलंड हे बेट लागतं, ढग नसतील तर ते दिसेल, म्हणून बाबांना खिडकीची जागा घ्या.

प्रतिसाद २

वेळेपेक्षा व्हिसा आधी बघा! स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही. ट्रोम्सोहून निघताना पासपोर्ट तपासतात आणि परतताना तुम्ही शेंगेनमध्ये नव्याने प्रवेश करता. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीची वाट बंद. दोनदा किंवा अनेकदा प्रवेशाचाच मागा.

पासपोर्टच्या रांगेसाठी दोन तास आधी पोचा, म्हणजे विमानतळ ते विमानतळ चार तास धरा. इन्सुलिन आणि खाऊ हातातल्या बॅगेत ठेवा, खालच्या सामानात अजिबात नको. हवा बिघडली तर विमान न उतरता ट्रोम्सोला परतू शकतं, म्हणून औषध दोन-तीन दिवसांचं जास्तीचं घ्या आणि मुंबईचं परतीचं विमान लगेच दुसऱ्या दिवशीचं ठेवू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. व्हिसाचं कुणीच सांगितलं नव्हतं, अर्ज अजून भरायचाय, उद्याच बघते. मार्चच्या मध्यात तिथे ऊन असतं ना? आणि हिमाद्री बघता येईल का?

प्रतिसाद १

हो, गावात ८ मार्चच्या सुमारास सूर्य परत दिसतो, लोक तो सोहळ्याने साजरा करतात. हिमाद्री मात्र नी-ऑलेसुन्डला, आणखी शंभरेक किमी वायव्येला. तिथे जाणारी छोटी विमानं मुख्यतः संशोधक आणि तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी असतात, त्यामुळे बाबांना आधीच कल्पना देऊन ठेवा.