मदत हवी आहे: विहिरीत सोडायच्या रोबोटच्या वायरीतून पाणी आत येतंय

नमस्कार मंडळी,

मामांच्या विहिरीत गाळ किती साठलाय, कुठले झरे बुजलेत हे कॅमेऱ्यानं बघता यावं म्हणून मी आणि मामेभाऊ चार महिने एक छोटा रोबोट बनवतोय. चार इंची पीव्हीसी पाइपचा डबा, एका टोकाला अ‍ॅक्रिलिकची चकती, बाहेर तीन ब्रशलेस मोटरी. मोटरी उघड्याच पाण्यात फिरतात, त्यांचा त्रास नाही. त्रास वायरींचा आहे.

घरच्या हौदात तासभर ठेवला, आत ठणठणीत कोरडं. विहिरीत 25 फूट पाणी आहे. तळाला वीस मिनिटं ठेवला आणि उघडला तर वाटीभर पाणी. आधी केबल ग्लँडवर (वायर डब्यात शिरते तिथं तिला घट्ट आवळणारं बूच) संशय घेतला. प्रत्येक ग्लँडला आतून टिश्यू पेपर गुंडाळून पुन्हा सोडला, कागद कोरडेच. मग दिसलं, की मोटरच्या वायरीचं आतलं टोक जिथे सोल्डर केलंय तिथे थेंब फुगतोय! वायर सोलली तर वीतभर तांबं काळं पडलेलं. मोटरच्या वायरी आखूड, म्हणून बाहेर सांधा करून टेप मारली होती. पाणी तिथून शिरून तारांच्या मधल्या फटींतून थेट डब्यात आलं.

दोन अडचणी आहेत:

1. वायरींना सिलिकॉनचं आवरण आहे. त्यावर अराल्डाइट ओतलं, पण वाळल्यावर बोटानं ओढताच मोज्यासारखं निघून आलं. मग पाणी अडवायचं कसं?

2. वीज काठावरच्या 12 व्होल्ट बॅटरीतून 20 मीटर दीड स्क्वेअर एमएमच्या पंपाच्या चपट्या केबलनं देतोय. जाऊन-येऊन 40 मीटर तांबं, सुमारे अर्धा ओहम. 8 अँपिअर ओढले की 4 व्होल्ट वाटेतच जातात. शिवाय चपटी केबल गोल ग्लँडमध्ये नीट बसत नाही, कडांना फट राहते.

सबमर्सिबलचे सांधे करणारं कुणी इथे असेल तर कृपया सांगा. पावसाळ्याआधी विहिरीचं काम व्हायला हवं.

प्रतिसाद

मी पंप रिवायंडिंग करतो. आमचा सांधा इथे चालणार नाही. आमच्या बऱ्याच मोटरी आतून पाण्यानं भरलेल्याच असतात, त्यामुळे वायरीतून पाणी सरकलं तरी बिघडत नाही. तुमचं एक टोक कोरडं राहायला हवं.

डब्यात शिरण्याआधी प्रत्येक वायरीचं इंचभर आवरण काढा. उघड्या तारांमध्ये सोल्डर पूर्ण मुरू द्या, वरवर लावू नका. मग तो भाग प्लास्टिकच्या नळीच्या तुकड्यात ठेवून वर सावकाश वाळणारं अराल्डाइट ओता. ते सिलिकॉनला धरत नाही, पण घासून साफ केलेल्या धातूला धरतं. वायरी एकमेकींना चिकटू देऊ नका, आणि सोल्डरचा कडक भाग नळीबाहेर आला तर तिथेच वाकून तुटेल.

चपट्या केबलचं बाहेरचं आवरण काढून आतल्या गोल वायरी वेगवेगळ्या ग्लँडमधून घ्या. त्यांनाही असाच बांध घाला. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन सीलंट तांब्याजवळ नको, तांबं खातं. 24 व्होल्टवर चालणारे मोटर कंट्रोलर घेऊन वीजही 24 व्होल्टनं दिली तर तेवढ्याच कामाला करंट निम्मा लागेल आणि वायरीतली हानी चौथाईवर येईल.

आधी एकाच वायरीवर करून बघा. एका टोकाला घट्ट नळी बसवून सायकलच्या पंपानं 15 पीएसआय हवा भरा, दुसरं टोक बादलीत बुडवा. 25 फूट पाण्याचा दाब सुमारे 11 पीएसआय असतो, म्हणजे 15 ला टिकलं तर विहिरीतही टिकेल. बुडबुडा आला तर सोल्डर मुरलेलं नाही, पुन्हा करा.