मदत हवी आहे: विहीर मचूळ झाली, मिरगापर्यंत पोफळी-जायफळाला शिंपू की थांबू?

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात पुळणीपासून हाकेच्या अंतरावर आमची वीस गुंठ्यांची वाडी आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात जुन्या पोफळींपैकी सात उरल्या. दुपारी वारा थांबल्यावर बाहेर आलो तर घरातून थेट समुद्र दिसत होता, तो आधी कधी दिसायचा नाही. पुढच्या पावसाळ्यात सासूबाईंनी श्रीवर्धनहून रोठा सुपारीची रोपं आणून नऊ-नऊ फुटांवर लावली. साठ रोपं, शिवाय दोन जायफळं आणि माडांवर मिरीचे वेल. आता काही पोफळींना पहिली पोय (फुलोरा) सुटली आहे आणि नेमकी आत्ताच विहीर दगा देते आहे.

विहीर तेवीस फूट, तळाला साडेचार फूट पाणी. महाशिवरात्रीपर्यंत पाणी गोड होतं. चैत्र संपता संपता चहाला मचूळ चव यायला लागली, मग डाळ शिजेना. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर घरात होतंच. फेब्रुवारीत ४२० दाखवत होतं. आता पहाटेच्या पहिल्या बादलीला ११००, आणि दीड एचपीचा पंप अर्धा तास चालला की १९००. जायफळाच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन पानं गळताहेत. पोफळीचे शेंडे करपलेत. माडांना काहीच झालेलं दिसत नाही.

मिरगाला अजून अठरा दिवस आहेत. सासूबाई म्हणतात, खारं तर खारं, पण झाड तहानेलं ठेवू नये. बोअर मारणारे गृहस्थ म्हणतात, विहिरीच्या तळात आडवं-उभं मारून देतो, भरपूर पाणी लागेल. पैसे कसेबसे उभे करता येतील, पण मन घेत नाही. नळाचं पाणी दिवसाआड येतं, त्यातून फार तर दीडशे लिटर झाडांना देता येईल. ते कुणाला द्यावं?

आणखी एक. पश्चिमेचे दोन माड वादळात गेल्यापासून त्या बाजूच्या पोफळींच्या खोडांवर पिवळट-तपकिरी चट्टे पडलेत, फक्त मावळतीच्या अंगाला. हा रोग आहे का?

कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा. ही झाडं सासूबाईंनी वयाच्या सत्तरीत लावली आहेत.

प्रतिसाद १
ताई, माडाची काळजी सोडा, तो खारं पाणी पचवतो. जायफळ आणि मिरी मात्र अजिबात सोसत नाहीत. नळाचं पाणी त्यांनाच द्या.

प्रतिसाद २
वहिनी, आधी बोअरवाल्यांना नाही सांगा. मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे पहिल्या बादलीला ११०० आणि अर्ध्या तासानं १९००. म्हणजे गोडं पाणी संपलेलं नाही, ते वर आहे. किनाऱ्यालगत पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरून समुद्राच्या जड पाण्यावर तरंगत राहतं. ठोकताळा असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर १ फूट असेल, तर खाली सुमारे ४० फूट गोडं पाणी असतं. उलटा हिशोबही तोच. उपसून वरची पातळी फूटभर उतरवलीत आणि ती तशीच राहिली, तर खालचं खारं पाणी हळूहळू चाळीस फूट वर सरकू पाहतं. त्यात पंप एकदम ओढतो तेव्हा विहिरीच्या बरोबर खालून खाऱ्या पाण्याचा सुळका वर येतो. तळात आणखी खोल भोक पाडणं म्हणजे त्याच्या वाटेतला अडसर आपणच काढून देणं.

आमच्या अलिबागकडच्या अष्टागरात माझे आजोबा रहाटावर आगर (वाडी) शिंपायचे. हेल्या (रेडा) गोल फिरायचा, रहाटाच्या माळेतले लोटे वरचंच पाणी उचलायचे, आणि हेल्या दमला की विहिरीलाही विसावा मिळायचा. त्याच विहिरीवर आम्ही पंप बसवला, फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाची झडप) तळाला सोडला आणि काही वर्षांत मे महिन्यातलं पाणी तोंडात धरवेना. रहाट परत आणा असं म्हणत नाही. त्याची रीत मात्र पंपाला शिकवता येते.

फूटव्हॉल्व्हच्या वर लवचीक पाइप जोडा आणि तोंड रिकाम्या कॅनला बांधून पाण्याच्या पृष्ठभागाखाली दीड-दोन फुटांवर तरंगतं ठेवा. हवा ओढणार नाही एवढं बघा. पंप दहा मिनिटं चालवायचा, मग दोन तास बंद. पाणी टाकीत साठवायचं आणि सूर्य मावळल्यावर आळ्यात घालायचं. पानांवर उडवू नका, पाणी सुकलं की मीठ पानावरच राहतं.

सासूबाईंचं म्हणणं पोफळीपुरतं खरं आहे, शिंपणं एकदम तोडू नका. पण रोज थोडं थोडं घातलंत तर पाणी उडून मीठ वरच्या मातीत साचेल. त्यापेक्षा चार दिवसांनी एकदा, मुळांच्या खाली उतरेल इतकं घाला. आळ्यात नारळाची सोडणं पालथी अंथरा, वर पातेरा (वाळका पाला) आणि झावळ्या. जायफळाला आणि मिरीला विहिरीचं पाणी नकोच. आळ्यात राख घालत असाल तर ती आणि पोटॅशचं खत पाऊस सुरू होईपर्यंत थांबवा, दोन्हींत क्षार असतात.

प्रतिसाद ३
चट्टे म्हणजे ऊन लागलंय, रोग नाही. पण पुढे खोड तिथेच तडकतं आणि वाऱ्यात मोडतं, म्हणून हयगय नको. गळलेल्या विऱ्या (पोफळीच्या झावळीचे रुंद देठ) किंवा झावळ्या खोडाच्या नैर्ऋत्य बाजूला बांधा. पाऊस लागला की त्या कडेला केळी लावा. आणि कोळे रोगासाठी, म्हणजे पावसात सुपारी कुजून गळते त्यासाठी, पहिली बोर्डो फवारणी पावसाआधी उरकून घ्या. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र. विळ्याचं पातं बुडवून बघा, तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडलाय. हे पाणी नळाचंच घ्या.

धागाकर्ती, नऊ दिवसांनी
सगळ्यांचे मनापासून आभार. कॅन बांधला. पंपाचं वेळापत्रक सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं आहे, भिंतीवर खडूनं वेळा लिहून ठेवतात. रहाटाचं वाचून दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, माझ्या माहेरी होता.

पहिल्या बादलीला आता ९४०, दहा मिनिटांनंतर १०२०. बोअर रद्द. पश्चिमेच्या चौदा पोफळींना विऱ्या बांधून झाल्या. एका जायफळाला शेंड्याशी नवी पालवी फुटली आहे. दुसऱ्याची पानं अजून गळताहेत, पण फांदी नखानं खरवडली तर आत हिरवी आहे.

काल रोहिणीची एक सर येऊन गेली, जेमतेम माती भिजली. प्रतिसाद २ वाले दादा, दुसऱ्या जायफळाच्या आळ्यातली वरची दोन बोटं माती काढून नवी घालू, की मोठ्या पावसाला ते मीठ धुऊ देऊ? मुळं अगदी वरवर आहेत, म्हणून हात लावायला भीती वाटते.