मदत हवी आहे: बाळ झाल्यापासून लहानपणीचं सगळं वर येतंय

नमस्कार, मी गुहागरजवळच्या गावात राहते, मुलगी दीड वर्षाची आहे. ती जोरात रडली की माझे हातपाय गार पडतात, कारण माहेरी वडील पिऊन आले की आम्ही भावंडं पडवीतल्या लाकडांमागे लपायचो, आवाज करायचा नाही एवढंच कळायचं, आणि हे सगळं बाळंतपणानंतरच परत यायला लागलंय. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोलले, फुकट आहे, मराठीत बोलतात, खरंच धीर आला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सर्ट्रालिन ही डिप्रेशन-चिंतेवरची गोळी सुरू केलीये, अंगावर पाजताना चालते म्हणाले, झोप सुधारलीये. पण गोळीसोबत काउन्सेलिंग हवंच म्हणतात आणि पावसात बाळाला घेऊन दर आठवड्याला एसटीने जाणं नाही जमत, मिस्टर मुंबईला असतात. सासूबाई खूप जीव लावतात, पण "आमच्या वेळी नव्हतं असलं काही" म्हणतात.

चिपळूण-रत्नागिरीत किंवा ऑनलाइन, मराठीत बोलणारी, लहानपणीच्या ट्रॉमावर काम करणारी काउन्सेलर कोणाला माहीत आहे का? ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली वापरून ट्रॉमावर करतात ती थेरपी) कोणी केलंय का, अनुभव काय? आणि यातून गेलेल्या आयांनो, मूल रडत असताना त्या क्षणी तुम्ही स्वतःला कसं सावरता ते प्लीज सांगा. इथे लिहायचं नसेल तर पर्सनल मेसेज केलात तरी चालेल.