बँकेच्या लिलावातला फ्लॅट: टायटल खरंच 'क्लीन' असतं का?

डोंबिवलीकर_नाना (धागाकर्ता)

भाचा कल्याणला फ्लॅट बघतोय. पेपरात बँकेच्या लिलावाची जाहिरात आली, राखीव किंमत बाजारभावापेक्षा बरीच खाली, आणि तेव्हापासून स्वारी हवेत आहे. त्याचं म्हणणं एकच: "मामा, बँकेने कर्ज देताना सगळे कागद तपासले, आता जप्त करून तीच विकतेय. याहून क्लीन टायटल, म्हणजे निर्वेध मालकी हक्क, कुठला?"

मला हे वाक्यच धोक्याचं वाटतं, म्हणून धागा काढला. बँक त्या घराची मालक कधीच नसते. मालक कर्जदार, बँकेकडे फक्त गहाणाचा हक्क. हप्ते थकले की २००२ च्या सरफेसी कायद्याखाली (कोर्टात न जाता गहाण मालमत्ता जप्त करून विकायचा अधिकार बँकेला देणारा कायदा) कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस, मग १३(४) चा ताबा, मग लिलाव. या सगळ्यात घर बँकेच्या नावावर एक दिवसही चढत नाही. कलम १३(६) काय म्हणतं? बँकेने केलेली विक्री जणू मालकानेच केली असं धरायचं. म्हणजे कर्जदाराच्या हातात जे होतं तेच भाच्याच्या हातात येणार. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

शिवाय जाहिरातीत तळाशी बारीक अक्षरांत 'जसे आहे जेथे आहे, जे काही आहे' हे आहेच, म्हणजे पुढे काही निघालं तर ते घेणाऱ्याच्या डोक्यावर. ज्यांनी लिलावात घेतलंय त्यांनी लिहा.

हिशेबनीस

नाना, आड कोरडा आहे हे आधी दाखवा तरी! मी पिंपरीत लिलावातलाच फ्लॅट घेतलाय आणि त्यातच राहतोय. खासगी व्यवहारात तरी वेगळं काय होतं? तिथेही विकणाऱ्याकडे असेल तेवढंच मिळतं. उलट इथे बिल्डरच्या पहिल्या करारापासूनचे मूळ कागद बँकेच्या ताब्यात असतात. विकणारा टोकन घेऊन पळत नाही, ऐनवेळी भाव वाढवत नाही.

आता 'कर्जदार उद्या पैसे घेऊन उभा राहिला तर?' ही भीती. २०१६ च्या आधी ती खरी होती. विक्री पुरी होईपर्यंत त्याला गहाण सोडवता यायचं. त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहीर नोटीस छापून आली की तो दरवाजा बंद. नवी मुंबईतल्या शिरवण्याच्या भूखंडाचं प्रकरण बघा. सेलिर एलएलपीने लिलाव जिंकला, नंतर कर्जदार बाफना मोटर्स गहाण सोडवायला पुढे आली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्यही केलं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये तो निकाल फिरवला. लिलावात घेणाऱ्याला याहून भक्कम आधार कोणता हवा?

पाटणची_पोर

भक्कम, पण कुणासाठी? हिशेबनीस, तुम्ही ज्याला दरवाजा बंद म्हणताय तो कुणाच्या तरी घराचा आहे.

आमच्या आजोबांची जमीन मुदतखरेदीने गेली. जुन्या लोकांना हे शब्द पाठ असत: नजरगहाण (ताबा न देता), ताबेगहाण (ताबा देऊन), मुदतखरेदी. मुदतखरेदी म्हणजे दिसायला खरेदीखत, आत अट अशी की अमुक मुदतीत पैसे फेडले तर जमीन परत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ते गहाणच धरलंय, आणि गहाण सोडवायचा हक्क कलम ६० ने दिलाय. एरवी सावकाराला कोर्टात जाऊन तो हक्क बुडवून घ्यावा लागे. पण १९२९ च्या दुरुस्तीने एक खोच घातली: परत देण्याची अट त्याच कागदावर हवी. आमच्या आजोबांना सावकाराने खरेदीखत एका कागदावर आणि 'परत देईन' दुसऱ्या कागदावर लिहून दिलं. झालं! कायद्याच्या नजरेत ते गहाण उरलंच नाही, सरळ विक्री झाली.

तेव्हा दुसऱ्या कागदाने जे केलं तेच आता पेपरातली नोटीस करते. कर्जदार ती कोणत्या पानावर वाचतो?

हिशेबनीस

आजोबांबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण सावकार आणि सरफेसी एका मापात नका मोजू. शेतजमीन तर कलम ३१ ने या कायद्याच्या बाहेरच ठेवलीय. आणि कर्जदाराला ६० दिवस, मग विक्रीआधी ३० दिवसांची वेगळी नोटीस, शिवाय कलम १७ खाली डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जायला ४५ दिवस. एवढ्यात ज्याला जाग येत नाही, त्याच्यासाठी घेणाऱ्याने किती वर्षं टांगून राहायचं?

काळा_कोट

टांगून राहावं लागतंच, साहेब. ६०, ३० आणि ४५ हे आकडे तुम्ही पाठ केलेत, पण त्यातलं एक पाऊल बँकेकडून चुकलं तर डीआरटी लिलाव रद्द करू शकते. पैसे परत मिळतात, पण घर जातं, आणि तोवर बाजारभाव पुढे गेलेला असतो.

मूळ मुद्द्यावर नानांचं बरोबर आहे. बाफना निकालाने कर्जदाराचा प्रश्न मिटला. ज्याने कर्जच घेतलं नाही त्याचं काय? एकत्र कुटुंबाचं घर, एका भावाने एकट्याच्या सहीने गहाण टाकलं. बहिणीचा हिस्सा त्यात गेला का? सेंट्रल बँक विरुद्ध प्रभा जैन, जानेवारी २०२५. मध्य प्रदेशातलं प्रकरण: वाटणी न होताच दिराने जमीन विकली, घेणाऱ्याने ती बँकेकडे गहाण टाकली, पुढे बँकेने कारवाई केली. बँक म्हणाली, कलम ३४ मुळे दिवाणी कोर्टाला इथे हातच घालता येत नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मालकी कुणाची हे ठरवायला दिवाणी दावा चालेल, डीआरटीचं ते काम नाही. बँका टायटल कशा ढिसाळपणे तपासतात यावरही न्यायालयाने बोट ठेवलं. भाच्याच्या 'बँकेने कागद तपासले'ला हेच उत्तर.

चार्ल्सकाठ_चा_मराठी

बॉस्टनहून लिहितोय. इथे मॅसॅच्युसेट्स राज्यात बहुतेक जप्त्या कोर्टाबाहेरच होतात, तुमच्या सरफेसीसारख्या. जानेवारी २०११ मध्ये इबान्येझ खटल्यात राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने बँकांनी केलेले लिलाव रद्द ठरवले. कारण? नोटीस काढली त्या दिवशी गहाण आपल्या नावावर होतं हे त्यांना दाखवता आलं नाही. कर्जं इतक्या हातांतून फिरली होती की कागद मागेच राहिला. त्याच वर्षी बेविलाक्वा खटल्यात तर अशा लिलावानंतर पैसे मोजून घर घेतलेल्या माणसाला कोर्टाने सांगितलं, तुझ्याकडे मालकीच नाही. तिकडे भारतातही थकीत कर्जं एआरसीला (बुडीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला) विकली जातात ना? मग जाहिरात देणाऱ्याकडे कर्ज आलं कसं, तो कागद मागाच.

हिशेबनीस

बरं, माझ्यापुरतं कबूल करतो: टायटलचं काही झालं नाही, पण खिशाला चटका बसला. आधीच्या मालकाची विजेची थकबाकी माझ्याकडून वसूल केली. भांडायला गेलो तर पुढ्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ठेवला, के. सी. निनान, मे २०२३: नवं कनेक्शन हवं तर जुनी बाकी भरा. सोसायटीनेही मेंटेनन्सची बाकी भरल्याशिवाय शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवलं नाही. तरीही हिशेब केला तर मी फायद्यातच आहे. घाबरून घरं सोडून द्यायची असतील तर खुशाल सोडा, माझ्यासारख्यांना स्वस्तात मिळतील.

डोंबिवलीकर_नाना

काळा_कोट, भाच्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणतो, "लिलावानंतर बँक देते त्या सेल सर्टिफिकेटची (विक्री प्रमाणपत्राची) नोंदणीसुद्धा सक्तीची नाही म्हणतात, मग मुद्रांक शुल्कही वाचलं की!" काय करावं या पोराचं?

काळा_कोट

सक्तीची नाही हे खरं. बँकेच्या अधिकाऱ्याने त्याची प्रत पाठवली की सब-रजिस्ट्रार ती आपल्या पुस्तक क्रमांक १ मध्ये लावतो. पण प्रमाणपत्र नोंदणीला नेलं किंवा दुसऱ्या कामासाठी वापरलं की शुल्क भरावंच लागतं. पुढे विकताना समोरच्याची बँक हाच कागद मागणार. त्यामुळे वाचत काही नाही, लांबतं एवढंच.

जाहिरातीत ताबा कसला लिहिलाय? प्रत्यक्ष की सांकेतिक?

डोंबिवलीकर_नाना

सांकेतिक.

काळा_कोट

म्हणजे बँकेचा ताबा फक्त कागदावर, आत बहुधा माणसं राहताहेत. कर्जदार की भाडेकरू, ते आधी बघून या. बाहेर काढायला बँकेला कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जावं लागेल, भाच्याला चावी कधी मिळेल ते त्यावर. अनामत कधी भरायचीय?

डोंबिवलीकर_नाना

येत्या शुक्रवारी.

काळा_कोट

मग बुधवारपर्यंत तीन गोष्टी करा. नोंदणी कार्यालयात ३० वर्षांचा सर्च (जुन्या व्यवहारांचा शोध) आणि इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा) काढा. सरसाईवर (CERSAI, गहाणांची केंद्रीय नोंदवही) त्या फ्लॅटवर आणखी कुणाचा बोजा आहे का बघा. आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा की मूळ सभासद कोण, एकटा की जोडीला बायको किंवा भाऊ. नाव दोघांचं आणि गहाणखतावर सही एकाची असली तर शुक्रवारी भरू नका.