डायबेन्झोथायोफिनच्या फ्लास्कमधील निळा रंग तिसऱ्या पिढीत का गेला?

प्रश्न (एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, कोल्हापूर)
उद्यमनगरातील एका गॅरेजमागची, जळक्या ऑइलने काळी पडलेली माती घेऊन मी इंधनातील गंधक काढणारा मिश्र जिवाणूसमूह वाढवीत आहे. माध्यमात सल्फेट न घालता गंधकासाठी केवळ डायबेन्झोथायोफिन (इंधनात आढळणारे गंधकयुक्त संयुग) आणि कार्बनसाठी ग्लुकोज दिले आहे. पहिल्या दोन पिढ्यांत (पिढी म्हणजे आधीच्या फ्लास्कमधून ताज्या माध्यमात केलेली लावण) गिब्ज अभिकर्मकाने (फिनॉल ओळखणाऱ्या रसायनाने) निळा रंग आला. तिसऱ्या पिढीत गढूळपणा, म्हणजे जिवाणूंची वाढ, तेवढाच असूनही तो आला नाही, उलट द्रावण फिकट नारिंगी झाले. समूहाने काम सोडले असे समजावे का? पंपावरच्या डिझेलवर चाचणी घेतली तर चालेल का?

उत्तर १
निळा रंग गंधकाचा नसून २-हायड्रॉक्सीबायफिनाइल या फिनॉलचा असतो. ऱ्होडोकॉकस एरिथ्रोपोलिससारखे जिवाणू ‘४-एस’ मार्गाने फक्त गंधक सल्फाइटच्या रूपात सोडवतात आणि कार्बनचा सांगाडा या फिनॉलच्या रूपात इंधनातच राहतो. समूहातील दुसऱ्या कोणी ते फिनॉल खाल्ल्यास निळा रंग जातो. त्यात वावगे नाही, कारण साचलेले फिनॉल गंधक काढणाऱ्यांनाच अडवते. मला खटकतो तो नारिंगी रंग. कोडामा मार्गात, म्हणजे विघटनाच्या दुसऱ्या वाटेत, रेणूचे कार्बनी कडेच फुटते, रंगीत पदार्थ पाण्यात उतरतात आणि गंधक रेणूतच राहते. म्हणजे तांदळातला खडा निवडायला सांगावा आणि निवडणाऱ्याने तांदूळच फस्त करावा.

उत्तर २
मग वाढीसाठी गंधक आले कुठून, हे आधी शोधा. तिसऱ्या पिढीपूर्वी सूक्ष्म क्षारांची बाटली बदलली होती का? सल्फेट मिळू लागले की ४-एस मार्गाची जनुके दबतात. डायबेन्झोथायोफिन न घातलेला एक फ्लास्क शेजारी ठेवा. तोही तेवढाच गढूळ झाला, तर गंधक दुसरीकडून येत आहे, हे उत्तर मिळाले.

उत्तर ३
पंपावरचे डिझेल नको. एप्रिल २०२० पासून बीएस-६ या भारतातील प्रदूषण-मानकानुसार त्यात प्रतिकिलो १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त गंधक नसते. रिफायनरीत सुमारे ३०० ते ४०० अंशांवर, दाबाखालील हायड्रोजनने ते आधीच काढलेले असते. हेक्साडेकेनमध्ये (गंधक नसलेल्या, डिझेलसारख्या हायड्रोकार्बनमध्ये) डायबेन्झोथायोफिन विरघळवून चाचणी घ्या. पुढे ४,६-डायमिथाइल रूपही तपासा. रिफायनरीतल्या हायड्रोजन प्रक्रियेला ते जड जाते आणि जिवाणूंचा खरा उपयोग तिथेच आहे.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. बाटली बदलली होती. नव्या द्रावणात फेरस आणि झिंक दोन्ही सल्फेटच निघाले. क्लोराइड क्षार घेऊन, जपून ठेवलेल्या दुसऱ्या पिढीपासून आज पुन्हा सुरुवात केली आहे. डायबेन्झोथायोफिनविना फ्लास्कही शेजारी ठेवला आहे.