जर्मन गाडी गरम होते, ठेवू का इकू?

प्रश्न (आर्वी, जि. वर्धा):
दिवाळीत सेकंडहँड जर्मन डिझेल सेडान घेतली, २०१२ची. घरी कापूस-तूर, गाडीची हौस माझीच. आता उन्हात वर्ध्याले जाता-जाता काटा लाल पट्टीत जाते. गावच्या मेकॅनिकनं दोनदा बोअरचं पाणी भरून देलं. बायको म्हणते, यापेक्षा बैलजोडी बरी. काय करू भाऊ?

उत्तर (पुलगाव):
बोअरचं पाणी आधी काढ! त्यातला क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसते. कूलंट (इंजिन थंड ठेवाचं रसायन) अन् डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं टाक. माह्या गाडीत थर्मोस्टॅटचं, म्हणजे कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचं, प्लॅस्टिकचं घर तडकलं होतं. थेंब थेंब गळे, पण इंजिनावरच वाळून जाय, खाली काहीच दिसे ना. वाळलेल्या कूलंटचा गुलाबी-पांढरा डाग शोध. अन् काटा लाल झाला की गाडी तिथंच बंद, लिंबाखाली. पुढं ओढली तं इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियमचं हेड (वरचं झाकण) वाकते, मंग नागपूरलोक टोचन. मले विचार.

उत्तर (कारंजा):
फॅन पाय. एसी लावल्यावर फिरला पाहिजे.

प्रश्नकर्ता:
फॅन फिरते. डाग सापडला, पुलगाववाल्या भाऊनं सांगितला तिथंच. पार्ट नागपूरहून ट्रॅव्हल्सनं येऊन राहिला. तोवर मोटरसायकल. बायकोले अजून सांगितलं नाही.